हिराबाईंचं भात आणि जस्ताचे पत्रे

आमच्या लॅबमध्ये लोक मातीची पिशवी नाहीतर पानांची जुडी घेऊन येतात, रिपोर्ट घेऊन जातात आणि किस्सा मात्र आमच्याकडेच ठेवून जातात! पनवेलच्या एसटी स्टँडमागे दोन खोल्यांची आमची लॅब. आत मशीनवर मुकादम सर, बाहेर रजिस्टरवर मी.

*

उलव्याच्या एक मॅडम बाल्कनीतल्या लिंबाची पानं घेऊन आल्या. नवी पानं बारकी, शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. सर बघताक्षणी म्हणाले, "झिंक, म्हणजे जस्त, कमी पडतंय."

मॅडम खूश! "वाटलंच मला. म्हणून तर रोज एक झिंकची गोळी कुंडीत खोचते."

"मॅडम, झाड गोळी गिळत नाही. मातीतल्या पाण्यात झिंक विरघळलं, तरच मूळ ते आत घेतं."

मॅडमनी जरा विचार केला. "मग सिरप चालेल? मुलाचं उरलंय थोडं."

*

सरांना शिकवायची भारी हौस. एकदा जेवता जेवता एका रिक्षावाल्याला धरलं. तो बिचारा फक्त सँपल पोचवायला आला होता.

"मूळ झिंक घेतं, जास्त झालं तर पेशींच्या कप्प्यात कोंडून ठेवतं. बाकीचं पाण्याबरोबर खोडातून वर. भाताच्या खोडाला पेरं असतात ना? नव्या पानाला किती आणि दाण्याला किती, ते तिथे ठरतं. पेर म्हणजे आपलं पनवेल जंक्शन! आणि दाण्यात साठतं ते जास्त कोंड्यात. तांदूळ पॉलिश केला की बरंचसं गेलं."

रिक्षावाल्याने सरांच्या डब्यातल्या पांढऱ्याशुभ्र भाताकडे पाहिलं. "मग सर, तुमच्याकडे काय उरलं?"

"चव!" सर म्हणाले.

*

हिराबाई जवळच्या कोन गावच्या. नवरा गेल्यापासून एकट्याच भात लावतात. लावणीनंतर तीन आठवड्यांनी रोपांवर तांबूस ठिपके आले, वाढ खुंटली.

"ताई, पोरं बोलतात, औंदा भात नाय झाला तर शेतात भराव टाकायचा. गोडाऊन बांधायचाय त्यांना. माजा जीव हाय त्या शेतात."

पानांचा रिपोर्ट आला. झिंक भरपूर! ठिपके तर झिंक कमी पडल्यासारखे, म्हणून सर चक्रावले, पण मशीनवर त्यांचा भारी विश्वास. "झिंकचा प्रश्नच नाही," त्यांनी सांगून टाकलं.

दहा दिवसांनी बाई पुन्हा आल्या. रोपं आणखी बसली होती. या वेळी जुडी बादलीसकटच टेबलावर ठेवली. पानं ताजी राहावीत म्हणून बादलीत पाणी; मागच्या वेळचीही याच बादलीत भिजवून आणली होती. बादली जस्ताची!

सरांनी बादलीचा काठ नखाने खरवडून पाहिला. "आपण भात नाही, बादली तपासली," ते हळूच म्हणाले. मला इतकी लाज वाटली, की बाईंकडे बघवेना.

*

दुसऱ्याच दिवशी आम्ही कोनला गेलो. सगळं शेत तांबूस, आणि गोठ्याच्या वळचणीखाली एकच पट्टा हिरवागार. वर जस्ताचे पत्रे. पावसाचं पाणी त्यांवरून थेट त्या रोपांवर निथळत होतं.

"बघा, जस्त पोचलं तिथे भात उठलं!" सर म्हणाले. लगेच झिंक सल्फेट आणि चुन्याच्या निवळीची फवारणी लिहून दिली. पण बाईंनी फवारलं की पाऊस. पुन्हा फवारलं, पुन्हा पाऊस. फोनवर त्यांचा आवाज रडवेला झाला होता. मग फोनच बंद झाले. आम्हीही विषय काढेनासे झालो.

*

दिवाळीनंतर हिराबाई जिना चढून आल्या. मागे थोरला मुलगा, त्याच्या डोक्यावर तांदळाची गोणी.

"कोंड्यासकट हाय, साहेब. पॉलिश नाय केला."

सर उठून उभेच राहिले. "फवारणी लागू पडली?"

"दोनदा धुवून गेली, तिसऱ्यांदा बसली. पन त्याच्या आदीच पोरांनी भरावाच्या कुंपनाला जस्ताचे कोरे पत्रे आनून टाकलेले. मी बांधावर तिरपे उबे केले. पावसाचा सगला पानी भातात!"

फवारणी की पत्रे, असं सर विचारणार होते, तेवढ्यात मुलाने गोणी खाली ठेवली.

"साहेब, भरावाच्या गाड्या कॅन्सल केल्या आमी. पन आईला सांगा, आमचे पत्रे तरी परत दे."

हिराबाईंनी पदराने घाम पुसला.

"पुडच्या लावनीनंतर देते."