पिंपळखुट्यांचा बंब

रवींद्र पिंपळखुटे यांच्या बोलण्यात नागपूरचा एकच शब्द शिल्लक राहिला होता, आणि त्या हिवाळ्यात त्यांनी तो पुरता झिजवला. तो शब्द म्हणजे ‘काहून?’ पुण्यामुंबईची माणसं ‘का’ विचारतात, तो नुसता प्रश्न असतो. ‘काहून’मध्ये प्रश्नाबरोबर थोडी तक्रारही असते, जगाने आपल्याला नीट समजावून सांगितलं नाही म्हणून.

एरवी पिंपळखुटे गोंधळणाऱ्यांतले नव्हेत. न्यू जर्सीत, एडिसनला राहून वीस-बावीस वर्षं ते रोज ट्रेनने न्यूयॉर्कला जात आणि एका मोठ्या बँकेच्या कॉम्प्युटरांत इतरांनी करून ठेवलेले गुंते सोडवत. साठी जवळ आली आणि बँकेने त्यांना घरी पाठवलं. घरी येऊन ते सोफ्यावर जे बसले, ते वर्षभर उठलेच नाहीत. जेवायला उठत, आंघोळीला उठत, पण ते काही उठणं नव्हे. ओक ट्री रोडला भाजी आणायला चला म्हटलं तर म्हणत, “तू ये जाऊन.” मुलगा कुश फ्रिस्कोहून फोन करून ‘बाबा, यू नीड अ हॉबी’ असा उपदेश करी. त्यावर हे फोन आईकडे देत.

शेवटी अहिल्याबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, एडिसनचं घर विकायला काढलं आणि चार तास उत्तरेला, डोंगरातल्या एका गावात जुनं लाकडी घर घेतलं. नवऱ्याला विचारलं नाही. सही करा म्हणाल्या, त्यांनी केली.

त्या घराबरोबर बंब आला. घर आणि शेजारच्या कुंपणाच्या मधोमध पत्र्याचं एक धूड उभं होतं. आत मोठी भट्टी, भोवती पाण्याची टाकी, वर आखूड धुराडं. ओंडके सारायचे, पाणी तापायचं, आणि जमिनीखालच्या नळांतून ती ऊब घरात यायची. खोल्याही त्यावरच गरम व्हायच्या आणि आंघोळीचं पाणीही. इथले लोक त्याला वुड बॉयलर म्हणतात. पिंपळखुट्यांनी ते पाहिलं, त्याला एक फेरी मारली, आणि वर्षभरात पहिल्यांदा हसले.

“अगं, हा तर बंब! आपल्या नागपूरच्या बंबाचा आजा!”

आणि गडी उठला. शेजारी वेंडल नावाचा एक सडाफटिंग गृहस्थ होता. शाळेची बस चालवायचा आणि हिवाळ्यात आपल्या ट्रकला पुढे फाळ लावून लोकांच्या दारातलं बर्फ सारायचा. त्याने यांना ओंडके फोडायला शिकवलं. बोलायला इतका कंजूष, की ‘येप’ आणि ‘नोप’ या दोन शब्दांत त्याचा दिवस निघे. दिवाळीला अहिल्याबाईंनी दिलेल्या चकल्या खाऊन तो ‘गुड’ म्हणाला, तर पिंपळखुट्यांना भाषण ऐकल्यासारखं वाटलं. त्यांच्या दारातलं बर्फ तो न सांगता सारून जाई.

पिंपळखुट्यांचे दंड भरले, भूक वाढली. सकाळ-संध्याकाळ बंबाला सरपण घालणं हा त्यांचा नेम झाला. दसऱ्याला ते बंबाची पूजा करू लागले. स्वस्तिक काढायला अहिल्याबाईंनी मनाई केली, इथे त्याचा भलताच अर्थ होतो. म्हणून त्यांनी भट्टीच्या दारावर कुंकवाने ओम काढला आणि झेंडू मिळेना म्हणून पिवळ्या शेवंतीचा हार घातला.

अहिल्याबाईंना मात्र इथे आल्यापासून खोकला लागला होता. पिंपळखुट्यांनी हळद-दूध दिलं, ज्येष्ठमध दिलं, सितोपलादी एडिसनहून मागवलं. गावातल्या डॉक्टरने ॲलर्जी असेल म्हणून गोळ्या दिल्या. कशानेच गुण येईना, तेव्हा पिंपळखुट्यांना आपल्या आईचा उपाय आठवला. बंबातले निखारे आणून, त्यावर ओवा टाकून त्यांनी बायकोला खोलीत कोंडून धुरी दिली. अहिल्याबाई डोळे पुसत बाहेर आल्या आणि तडक गाडीत जाऊन बसल्या.

गाडीत बसणं हे त्यांचं इथे आल्यावरचं खूळ होतं. गाडीसुद्धा त्या दाराशी न लावता पार वेंडलच्या कुंपणापाशी लावत.

“इतक्या लांब काहून लावतेस?”

“तिथे रेंज चांगली येते. दीपाशी बोलते जरा.”

दीपा ही एडिसनची मैत्रीण. दोघी मैत्रिणी तास तास बोलतात, यात पिंपळखुट्यांना नवल वाटलं नाही. इंजिन चालू, हीटर चालू, काचा बंद. बोलू दे बिचारीला, या रानात तिला आहे कोण, असं म्हणून ते ओंडके फोडायला जात.

पुढे डिसेंबरात राज्य सरकारच्या जॅकेटात एक मुलगी दारात उभी राहिली. नाव अनिका. जन्म एडिसनचा, आईवडील साताऱ्याचे. मराठी ऐकून पिंपळखुट्यांचा जीव भांड्यात पडला. आपलीच पोरगी, निभावून नेईल.

“काका, हा मॉडेल खूप ओल्ड आहे,” अनिका बंबाकडे बघत म्हणाली. “चिमणी शॉर्ट आहे ना, त्यामुळे धूर वर जातच नाही, खालीच राहतो. स्टेट हे बाय-बॅक करतंय. मार्चपर्यंत तुम्ही साइन केलंत तर पैसे मिळतील, त्यात घर गरम करायला विजेचा हीट पंप बसवून घ्या.”

“पण हे धूड तुम्ही नेणार कसं?”

“नेणार नाही. इथेच डिसेबल करायचं. फायरबॉक्सला होल पाडतात, फोटो काढतात, मग स्क्रॅप.”

“थांब. पैसे देऊन विकत घेणार, आणि विकत घेऊन भोक पाडणार? काहून?”

“नाहीतर लोक दुसऱ्याला विकतात, काका. मग धूर तिकडे.” मग तिचं लक्ष ओमकडे गेलं. “वेट, तुम्ही याची पूजा केलीत?”

“केली तर! अन्न देणाऱ्याची करतात, ऊब देणाऱ्याची करू नये का?”

अनिकाला हसू आलं, पण तिने ते गिळलं. “आणि एक कम्प्लेंट पण आलीये. कुणाची ते मी सांगू शकत नाही. साइन करणं तुमच्यावर आहे, पण नाही केलंत तर मला धूर मेझर करायला परत यावं लागेल.”

ती गेल्यावर पिंपळखुट्यांनी बायकोला विचारलं, “तुला काय वाटतं?”

अहिल्याबाईंनी चहाचे कप उचलले. “तुम्हाला वाटेल ते करा. बंब तुमचा आहे.”

याचा अर्थ बायको आपल्या बाजूने आहे, असा त्यांनी घेतला. लग्नाला पस्तीसच्या वर वर्षं झालेल्या माणसाने असा अर्थ घ्यावा, याला काय म्हणावं!

तक्रार कुणाची हे शोधायला पंचांग नको होतं. हाकेच्या अंतरावर घर एकच. पिंपळखुटे कुंपण ओलांडून गेले. वेंडल ट्रकखाली काहीतरी ठोकत होता.

“आमच्या बॉयलरची तक्रार तू केलीस?”

“येप,” ट्रकखालून आवाज आला.

पिंपळखुट्यांची तयारी नकार ऐकायची होती. “तुझ्या घरात धूर येतो?”

“नोप.”

“मग काहून— मग का केलीस?”

बराच वेळ ठोकण्याचा आवाज येत राहिला. मग वेंडल म्हणाला, “कुणीतरी करायला हवी होती.”

पिंपळखुटे तिथेच उभे राहिले. त्यांनी नाक वर करून हवा हुंगली. खरंच, धुराचा मागमूस नव्हता. वारा इथे बारा महिने पश्चिमेचा, वेंडल पश्चिमेला, बंब मध्ये. धूर त्याच्याकडे जायला वाऱ्याला उलटं वाहावं लागलं असतं. मग या माणसाला पोटदुखी कसली? आपण याला चकल्या दिल्या, आणि याने काय दिलं? बाहेरचे म्हणून? रंगाने काळे म्हणून? इतकी वर्षं या देशात काढून त्यांनी हा विचार फार थोड्या वेळा केला होता, आणि आज तो मनात आला याचंच त्यांना जास्त दुःख झालं.

“यापुढे माझ्या ड्राइव्हवेतलं बर्फ सारू नकोस,” ते म्हणाले.

“ओके,” वेंडल म्हणाला.

भांडण म्हणावं तर समोरचा भांडतही नाही. पुढचे कितीतरी दिवस पिंपळखुटे हाच गुंता घेऊन बसले. बँकेतल्या गुंत्याला निदान कुठेतरी टोक असे. हट्टाने त्यांनी बंबात दुप्पट सरपण घालायला सुरुवात केली. सही करायची नाही, हे ठरलं. बंब गेला तर सकाळी उठून करायचं काय, या प्रश्नापाशी आले की त्यांच्या डोळ्यांसमोर एडिसनचा सोफा येई.

फेब्रुवारीत मोठं बर्फ पडलं. रात्रभर पडलं, सकाळीही पडत होतं. पिंपळखुट्यांनी बंबापर्यंतची वाट फावड्याने कशीबशी मोकळी केली, सरपण घातलं आणि ड्राइव्हवेला हात लावला तोच कमरेत उसण भरली. आले वाकडे होत घरात. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. शेक घेत पडून राहिले.

दुपारी बर्फ थांबलं. ते खिडकीशी उभे राहिले आणि बाहेर बघून चक्रावले. ड्राइव्हवे मांडीएवढ्या बर्फाने भरलेला होता. पण गाडी मोकळी होती. म्हणजे रस्त्यापर्यंतची वाट तशीच बुजलेली, आणि गाडीच्या दाराभोवती आणि मागच्या बाजूला मात्र कुणीतरी फावड्याने स्वच्छ खणून ठेवलेलं. खणणाऱ्याची पावलं वेंडलच्या कुंपणावरून आली होती आणि तिकडेच परत गेली होती.

“हा माणूस वेडा आहे!” पिंपळखुटे म्हणाले. “गाडी मोकळी करून ठेवली, पण तिला जायला रस्ता कुठे आहे? अहिल्या, बघ तर!”

उत्तर आलं नाही. स्वयंपाकघरात ओट्यावर अहिल्याबाईंचा फोन चार्जिंगला लावलेला होता.

त्यांनी पुन्हा बाहेर पाहिलं. गाडीच्या मागच्या नळीतून पांढरी वाफ येत होती. बंबाचा करडा धूर धुराड्यातून निघून, खाली लोळत, सरळ घराकडे येत होता. खिडकीच्या काचेवर त्याची पुटं चढली होती. ही पुटं ते दर रविवारी पुसत, आणि पुसताना त्यांना कधीही काही वाटलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा घातलेला माणूस कसा दिसतो, हे बघायचं असतं तर त्या क्षणी पिंपळखुट्यांकडे बघायला हवं होतं.

ते कंबर धरून, पायमोज्यांवर बूट कसेबसे चढवून, बर्फातून गाडीपाशी गेले आणि दार उघडलं.

अहिल्याबाई डोकं मागे टेकून बसल्या होत्या. “आत या आणि दार लावा,” त्या डोळे न उघडता म्हणाल्या. “धूर येतो.”

ते शेजारी बसले. दार लावलं. गाडीतली हवा स्वच्छ होती, आणि अहिल्याबाई खोकत नव्हत्या. किती वेळ गेला तरी खोकल्या नाहीत.

“फोन घरीच राहिला तुझा.”

“राहू दे. मी फोनसाठी येत नाही इथे.”

“मला सांगितलं नाहीस काहून?”

“सांगणार होते. रोज सांगणार होते.” त्यांनी डोळे उघडले. “तुम्ही सोफ्यावरून उठला होतात. परत तसे बसलेले बघवलं नसतं मला. त्यापेक्षा खोकला परवडला.”

पिंपळखुट्यांना लाज वाटली. इतकी वाटली की तोंड फिरवायलाही जागा सापडेना. ओव्याची धुरी आठवली आणि ते कपाळाला हात लावून बसले.

“वेंडलला तू सांगितलंस?”

“कुणाला काही सांगितलं नाही. मागच्या वर्षी एकदा त्याने काचेवर टकटक केली. म्हणाला, मागची नळी बर्फाने बुजली तर इंजिनचा धूर आत भरून गाडीतच जीव जाईल. तेव्हापासून बर्फ पडलं की येऊन ती साफ करतो. काही विचारत नाही. तक्रार त्याची आहे, हे तुम्ही भांडून आल्यावर कळलं. मग तर तोंडच उघडेना. माझ्यासाठी केली त्याने, आणि बोलणी तुमची खाल्ली.”

समोर धुराड्यातला धूर बारीक होत चालला होता. सरपणाची वेळ झाली होती. पिंपळखुटे उठले नाहीत.

“बंब विझेल,” अहिल्याबाई म्हणाल्या.

“विझू दे. अनिकाला फोन करतो. पाडू देत भोक.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “आधी उत्तरपूजा करू त्याची. पूजलेल्या वस्तूला तसंच नाही पाठवत.”

“करू. मी नारळ आणते.” मग त्यांनी विचारलं, “आणि तुम्ही? उद्यापासून काय कराल?”

“ते मला माहीत नाही, अहिल्या. खरंच माहीत नाही.”

त्यांनी ते इतक्या सरळ सांगितलं की अहिल्याबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. दोघे गाडीत बसून राहिले. बंब विझला, घराच्या काचा गार पडल्या, तसे ते उतरले आणि एकमेकांना धरून कुंपणाच्या दिशेने निघाले. वेंडलची पावलं होती, त्यांतच पाय टाकत गेले.

वेंडलने दार उघडलं. पिंपळखुट्यांनी वाटेत माफीची चांगली चारपाच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही वेळेवर आलं नाही.

“आमच्या घरात धूर आहे,” ते म्हणाले.

“येप,” वेंडल म्हणाला, आणि दोघांना आत यायला बाजूला झाला.