उजेडाकडे वळणारा धागा

“मॅडम, आमची सुमन गेली,” एवढंच बोलून तिच्या वडिलांनी फोन ठेवला. मी पनवेलच्या आमच्या कॉलेजात प्रात्यक्षिकं घेत होते. पुढचा तासही मी घेतला. का घेतला, ते आज महिन्याभरानंतरही नीट सांगता येत नाही… सुमनने तेच केलं असतं, म्हणून असेल.

सुमन आमच्याकडे रसायनशास्त्र शिकवायची, मी भौतिकशास्त्र. उरणकडच्या मिठागरात राबणाऱ्या घरातली ही मुलगी पीएचडी करून आली आणि कॉलेजच्या जुन्या स्टोअररूममध्ये तिने प्रयोगशाळा थाटली. तिला असे रेणू बनवायचे होते, जे पाण्यात आपणहून एकमेकांना धरून रांग लावतील आणि प्रकाश पडला की आकार बदलतील. त्यांचा धागा उजेडाने वाकला, तर उद्या मोटारीशिवाय, तारांशिवाय हलणारे मऊ यंत्रमानव करता येतील, असं ती सांगायची. त्या रेणूंचं द्रावण पिपेटच्या बारीक नळीतून क्षाराच्या पाण्यात सोडत, अगदी संथ हाताने तो धागा ओढावा लागे. दोन वर्षं तो तुटतच राहिला.

मग कॅन्सर निघाला. केमोथेरपीने तिची बोटं बधिर झाली. हातातली पिपेट कळेना.

“मी ओढते ना,” मी म्हटलं.

“ओढशील गं. पण कुठे चुकतंय, ते मला कळणार कसं?”

मनगट दोन जाड पुस्तकांवर टेकवून, बोटांऐवजी खांद्यातून हात सरकवायला ती शिकली. उपचारांच्या मधल्या दिवसांत यायची, धागा तुटला की पाणी बदलायची, पुन्हा बसायची.

एका सकाळी वडील तिचा डबा घेऊन आले होते, तेव्हा धागा अखंड निघाला. तिने दिवा लावला. धागा आधी नुसताच लोंबकळला… मग हळूहळू दिव्याकडे वाकला. टोकाला चिकटवलेला कागदाचा कपटा वर उचलला गेला.

“याच्यान जीव हाय का गो बाय?” वडिलांनी विचारलं.

“नाय बाबा. उजेड पडला का वलतंय.”

ते बघत राहिले. “मंग आता कामाला लाव त्याला.”

सुमन एवढी हसली, की तिला खुर्ची धरावी लागली.

पुढे तिला चारच महिने मिळाले. प्रत्येक कृती, फसलेलीसुद्धा, तिने आपली विद्यार्थिनी रेश्मा हिच्याकडून समोर बसून करून घेतली. रेश्मा रडायला लागली, की म्हणायची, “डोळे पूस आणि निरीक्षण लिही.”

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेतला फ्रिज आवरताना मागच्या बाजूला फॉइलमध्ये गुंडाळलेली द्रावणाची बाटली सापडली. तिच्यावर सुमनचं शेवटच्या दिवसांतलं वाकडंतिकडं अक्षर : ‘टाकू नये. अजून धागा निघेल.’ रेश्माने हातमोजे चढवले. दुपारपर्यंत तीन धागे निघाले.

बाटली परत फ्रिजमध्ये ठेवली आहे. अजून अर्धी भरलेली आहे.