पाच नंबरची बाटली

“मग दूध कुठं ठेवू? तुझ्या बाटल्यांच्या मांडीवर?” बायनाबाई फ्रिजचं दार धरून उभ्या होत्या. “सारा फ्रिज रॉकेलावानी वास मारायलाय!”

“एका दिवसाचा प्रश्न हाय, आत्याबाई. दार लावा, बाटल्या गार राह्यल्या पाहिजेत.” पंचफुलाने वहीतून मान वर काढली नाही.

“मागल्या खेपेला पाव्हणे विचारायलते, भाजीत काय घातलंय म्हणून.”

“तुमची भाजी खाल्ली की ते कायम तेच विचारतेत.”

कोपऱ्यात अभ्यास करणारी पंचफुलाची मुलगी निकिता आजीला दिसू नये म्हणून पुस्तकाआड हसली.

झरीच्या रस्त्यावरचं कापसाचं जिनिंग बंद पडून बारा वर्षं झाली होती. मशिनी विकल्या गेल्या, पत्रे लोकांनी नेले. जमिनीत पुरलेली डिझेलची टाकी मात्र तशीच राहिली आणि गळत राहिली. ते डिझेल पाण्यात कुठवर पसरतंय हे पाहायला पुण्याच्या एका प्रयोगशाळेने पाच ठिकाणी बोअर घेऊन नळ्या बसवल्या. दर महिन्याला त्यातलं पाणी काढून पाठवायला गावातलं माणूस हवं होतं. सात जण आले, त्यातले सहा पुरुष. अट अशी निघाली, की पाणी काढायच्या दिवशी हाताला पेट्रोल, तेल, तंबाखू काही लागलेलं चालणार नाही. सहाही जण मोटारसायकलवर, वाटेत पेट्रोल टाकून आलेले. पंचफुला पायी आली होती.

तेव्हापासून बारावीला रसायनशास्त्रात नापास झालेली ही सून नमुन्याच्या दिवशी केसांना तेल लावत नाही, फोडणीजवळ जात नाही. आधी नळीतलं जुनं पाणी उपसून टाकते, मग तपकिरी काचेची बाटली एकही बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरते. बाटल्या रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी बर्फाच्या डब्यातून एसटीने परभणीला आणि तिथून कुरिअरने पुण्याला.

“कशाला भांडायलात?” तिचा नवरा भागवत टॉवेलने तोंड पुसत आला. “तीन महिने रिपोर्ट साफ आले. हा बी साफ आला की काम बंदच करणार हायेत.”

“तेच तर मला कळंना. पाच नंबरची नळी आपल्या परसामागं. पाणी वर काढलं की तवंग दिसतो, वास येतो. रिपोर्टात मात्र काईच न्हाई.”

घरचं बोअर त्या नळीपासून वीस पावलांवर होतं. पाच नंबर साफ, म्हणजे आपण पितो ते पाणीही साफ, असं पंचफुला तीन महिने स्वतःला समजावत होती. नाक मात्र ऐकत नव्हतं.

“रिपोर्टात कुठून यील?” बायनाबाई फणकारल्या. “दर खेपेला मीच घासून देते की!”

पंचफुलाने पेन खाली ठेवलं. “काय घासून देता?”

“ती वास मारणारी बाटली. साबण लावून घासते, अन् माठातलं पाणी भरते. आपल्या घरून पुण्याला असलं घाण पाणी जावं? लोक काय म्हणतील?” मग जरा अभिमानाने, “लेबल भिजू देत न्हाई हां मी.”

“आज घासली?”

“आज कुठं सवड झाली! दूध घेऊन उभी हाय कवाची.”

भागवतच्या डोक्यात प्रकाश पडला. “म्हणजे पुण्यानं तीन महिने आपला माठ तपासला! अगं, मग आपलं पाणी साफ हाय. छापील कागद हाय!”

“बघ,” बायनाबाई सुनेकडे वळल्या. “माझं पाणी तीनदा पास झालं. तू तर एकदा बी झाली न्हाईस.”

पंचफुलाला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. “माठात दिवसभर राह्यलं की वास उडून जातो, आत्याबाई. खाली बोअरमध्ये काय हाय, ते माठावरनं कळत न्हाई.”

ती उठली, परसात गेली, मोटारीचा फ्यूज काढून आणला आणि पदराच्या गाठीत बांधला.

“ऐका सगळे. मी आत्ता पुण्याला फोन करून तिन्ही रिपोर्ट चुकीचे हायेत म्हणून सांगणार. काम गेलं तर जाईल. घरच्या बोअरचा नमुना काढायला त्यांनाच बोलावणार. त्याचा रिपोर्ट येईस्तोवर मोटार बंद. प्यायला, स्वैपाकाला ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी. घागरी निकिताचे पप्पा आणतील.”