आमच्या खाटेवर आडवा झालेला डॉक्टर

उभ्या जुन्नर-आंबेगावात घासाघिशीत मला पाणी पाजणारा माणूस एकच, आणि तो व्यापारी नाही, डॉक्टर आहे. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरात जन्मून मी स्वतःच्या हिमतीवर टोमॅटोचा धंदा उभा केला. भल्याभल्यांना भावात रडवलं. पण या माणसाने केलेला अपमान मी अजून विसरलेलो नाही.

त्याच्या दवाखान्यात टेबलावर मोठी परात असायची. म्हाताऱ्यांनी घरातल्या सगळ्या गोळ्या आणून तीत ओतायच्या. मग हा मेथी निवडावी तशा त्या निवडायचा आणि निम्म्या बाजूला काढायचा. "आजी, ही कशाची?" "काय की! शेजारणीला लई गुण आला, मंग मी बी चालू केली." रोग विचारायच्या आधी हा विचारणार, "काय करावंसं वाटतं?" एक आजोबा म्हणाले, भीमाशंकरच्या पायऱ्या उतरायच्यात. झालं! दवाखान्याच्या जिन्यावर त्यांची रोज तालीम सुरू, आणि आम्ही बाकीचे खाली ताटकळत.

माझ्या वडिलांनी, आबांनी, नव्या बंगल्यात आल्यावर जेवणच टाकलं. चकचकीत टाइल, वर पंखा, खोलीलाच संडास. म्हाताऱ्या माणसाला आणखी काय हवं? पण पोट पाठीला लागलं. मी त्यांना गाडीत घालून नेलं आणि म्हणालो, "साहेब, एक सलाईन लावा." "तुम्ही कोण?" "मुलगा. बिल मी देणार." "मग बिलाच्या वेळी बोलवतो. बाहेर बसा." मी! बाहेर! आणि आतून आबांचं हसणं ऐकू येतंय. घरी हूं की चूं न करणारा माणूस! आमच्या खोडदच्या दुर्बिणीच्या अँटेना आकाशातलं बारीकसारीक ऐकतात म्हणे. हा डॉक्टर त्याच वाणाचा असावा. आत बोलावल्यावर मी सलाईनवरून अर्ध्या सलाईनवर आलो, शेवटी एका सुईवर आलो. हा ढिम्म. "शेठ, उद्या घरी येतो."

दुसऱ्या दिवशी आला, चहा घेतला, चपला काढल्या आणि सरळ आबांच्या खाटेवर आडवा झाला. बायकोला वाटलं, चक्कर आली. पडल्यापडल्या म्हणतो, "शेठ, इथून नुसती भिंत दिसते. पलीकडं काय आहे?" पलीकडं मेंढरं कोंडायचं वाडगं. धाकटा भाऊ अजून मेंढरं राखतो. तेवढ्यात आबा बोलले, "कोकरू वरडलं की वाटतं बिबट्या आला. दिसत तर काय न्हाई. घास उतरत न्हाई, सायेब." मी तडकलो, "मग मला का नाय सांगितलं?" "तू इचारलंस कवा?"

औषध निघालं खिडकी. मी म्हणालो, झरोका ठेवतो. डॉक्टर म्हणाला, "आबांना विचारा." आबांनी दोन्ही हात फाकवून जवळजवळ सगळी भिंतच दाखवली. नवीकोरी टाइल फुटली. त्याच आठवड्यात आबांनी खिडकीशी बसून भाकरी मागितली, आणि तिथूनच दिवसभर भावाला मेंढरं कशी राखायची ते ओरडून शिकवू लागले. तेव्हापासून भावाचाही डॉक्टरवर राग आहे.

आता डॉक्टर स्वतःच थकलाय. पाय मोडल्यापासून पुण्यात मुलाच्या फ्लॅटवर असतो. परवा टोमॅटोचं क्रेट घेऊन गेलो. मुलगा रिपोर्ट वाचून दाखवत होता, डॉक्टर छताकडे बघत होता. खाल्लेलंही दिसत नव्हतं. मी चपला काढल्या आणि त्याच्या शेजारी पलंगावर आडवा झालो. तिथून एक कपाट दिसत होतं, बस्स. "अहो काका, हे काय? तुम्ही कोण?" मुलगा गडबडला. "पेशंटचा माणूस. तुम्ही जरा बाहेर बसा." तो तणतणत उठला. मी डॉक्टरकडे कूस वळवून विचारलं, "साहेब, काय करावंसं वाटतं?"

डॉक्टरने मुलगा गेला त्या दाराकडे पाहिलं. मग माझा हात धरून हळूच म्हणाला, "शेठ, आधी ते दार लावून घ्या."