आठ महिन्यांचा खुराक

पारनेरच्या स्टँडवर आबांनी मला पुण्याच्या गाडीत बसवलं आणि तुपाचा डबा माझ्या मांडीवर ठेवला, तान्हं पोर ठेवावं तसा. खिडकीपाशी येऊन म्हणाले, "पाठीला माती लागू देऊ नको. बाकीचं आमी बघतो." ताई, तू त्यांच्या मागं उभी होतीस, लग्नाचा हिरवा चुडा अजून हातात. मी अठरा वर्षांचा, जत्रांतल्या चार कुस्त्या मारून पुण्याच्या तालमीत निघालेला पैलवान. गावाच्या फाट्यावर माझा फ्लेक्स लागला होता. त्यात माझी मान होती त्यापेक्षा जाड दिसत होती.

दुसऱ्याच वर्षी गुडघा गेला. सरावात पाय अडकला आणि आत काहीतरी तुटलं. डॉक्टर म्हणाले, चालशील नीट, पण आखाडा विसर. वस्ताद भला माणूस. "घरी जा, आईबापाला सांग," एवढंच म्हणाले आणि तोवर तालमीच्या माडीवर राहू दिलं. मी घरी गेलो नाही, सांगितलंही नाही. त्या फ्लेक्सखालून लंगडत जायची माझ्यात हिंमत नव्हती.

दोन गल्ल्या सोडून एक वाचनालय होतं. आधी पेपरातल्या कुस्तीच्या बातम्या बघायला गेलो. त्या वाचवेनात, म्हणून कपाटातली एक जाडजूड कादंबरी ओढली. समुद्रावरची होती. विहिरीत पोहलेला माणूस मी, पण त्या दुपारी गुडघा दुखायचा थांबला. मग रोजच जायला लागलो. पुस्तकात कुणी विचारत नाही, पैलवान, पुढची कुस्ती कधी?

खुराक मात्र येतच राहिला. दर पंधरवड्याला पारनेरच्या गाडीचा ड्रायव्हर डबा आणायचा आणि मी स्टँडवर जाऊन घ्यायचो. पोळीवर तूप थापायचं, एका हातात घास, दुसऱ्या हातात पुस्तक. पानांना डाग पडले की वाचनालयाच्या बाई रागवायच्या. असे आठ महिने गेले. मी घरी पाठवलेला फोटो बघून आबा फोनवर म्हणाले, "आंग लई भरलंय. म्हशीचं सार्थक झालं बघ." मी हसलो, हे अजून आठवतं.

मग एक दिवस मीच खोटी कुस्ती रचली. म्हटलं, आजच गुडघा मोडला. आबा रडले. तू मला फोनवर म्हणालीस, "लढलास तवर लढलास. उगी वाईट वाटून घिऊ नगं."

त्याच आठ महिन्यांत तू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होतीस. हे मला ठाऊक होतं, पण घरात म्हैस एकच आहे हा हिशोब माझ्या डोक्यात आला नाही. आबा गेल्यानंतर आई एकदा शेंगा फोडता फोडता सहज बोलून गेली, "तुझ्या ताईनं बाळंतपन तेलावर काढलं. म्हनली, मला कायबी चालंल, तूप त्याला धाडा, त्याची कुस्ती हाय." तुला दूध पुरेसं आलं नाही, प्राचीला वरचं पाजावं लागलं, हेही तेव्हाच कळलं. मी शेंगा फोडत राहिलो.

आता मी एका प्रकाशकाकडे प्रुफं तपासतो. दिवसभर पीडीएफ, संध्याकाळी डेडलाईन. पैलवानाचे मोडके कान बघून ऑफिसातल्या मुली हसतात. त्या वाचनालयानंच मला पोटापाण्याला लावलं, हेही खोटं नाही.

गेल्या महिन्यापासून प्राची कॉलेजसाठी माझ्याकडे राहते आहे. उंच झाली आहे, माझ्या खांद्याला लागते. परवा माझ्या पुस्तकांच्या कपाटासमोर उभी राहून म्हणाली, "मामा, एवढं सगळं कधी वाचलंस रे?" मी चहा ठेवायला आत गेलो.

तिला खरं सांगणार आहे, पण तिच्या आधी तुला. ताई, बाळंतिणीच्या वाट्याचं तूप मी कुस्तीसाठी खाल्लं नाही, कादंबऱ्या वाचत खाल्लं. आणि सगळ्यात वाईट हे की ते आठ महिने मी सुखात होतो. गाव सोडून इतकी वर्षं झाली, आबा गेले, म्हैस गेली, फाट्यावर आता दुसऱ्यांचे फ्लेक्स असतात. तरी मला घर आहे असं वाटायचं, कारण तू माझ्याबद्दल चांगलं बोलायचीस. हे वाचून झालं की फोन कर. शिव्या दे, त्या मी ऐकून घेईन. नुसती गप्प राहू नकोस.