फुफीच्या स्कूटरवर कोणी हसलं नाही

मी मंचावर कविता सादर करते आणि शाळांमधून मुलांना कविता लिहायला, बोलायला शिकवते. आमच्या कार्यक्रमांत टाळीऐवजी चुटकी वाजवतात, कवीचं बोलणं तुटू नये म्हणून. पद्धत चांगली आहे. मलाही त्या चुटक्यांनी बळ दिलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. तालुक्याच्या शाळेत गुरुजींनी बाकावर उभं करून माझ्याकडून कविता म्हणवून घेतल्या, म्हणून मी इथवर आले. ते ऋण मी विसरत नाही. पण हिंजवडीतल्या त्या संध्याकाळपासून चुटकी ऐकली की मला शिसारी येते.

तेव्हा कसबा पेठेतल्या एका शाळेत दर शनिवारी माझा वर्ग असे. आठवीतल्या एका मुलीच्या वडिलांचं भांड्यांना कल्हई करायचं दुकान होतं. आई आदल्या वर्षी आजारपणात गेली होती. घर फुफी, म्हणजे आत्या, सांभाळायची. मुलीनं कविता लिहिली ती या फुफीवर. फुफी स्कूटर शिकते आणि सगळी गल्ली जीव मुठीत धरून दुकानांच्या पायऱ्यांवर चढते.

'हॉर्न बिघडला, बिघडू दे की,
फुफी बसलीये, ओरडू दे की!'

वर्गात मुलं बाकांवर लोळली. ती मात्र गंभीर चेहऱ्यानं थांबली, हसू ओसरू दिलं आणि मगच पुढची ओळ टाकली.

वर्गाचा खर्च एक संस्था करायची. हिंजवडीतल्या एका कंपनीत देणगीदारांसमोर मुलांचा कार्यक्रम ठरला, तेव्हा संस्थेच्या संयोजक बाई तालमीला आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, स्कूटर काय? हिची आई गेलीये ना? त्यावर घ्या काहीतरी. ऑडियन्स एकदम मेल्ट होईल."

"तिला ते नकोय."

"अहो, लहान आहे ती. तिला काय कळतंय?"

मुलीनं ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, मला हसवायचंय. अम्मीचं नाही सांगायचं कुणाला."

मी संयोजक बाईंना स्वच्छ सांगितलं, की ती स्कूटरच वाचेल. त्या हसून म्हणाल्या, "बरं बाई, तुमचंच खरं."

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल थंडगार होता. मागच्या टेबलावर पनीरचे तुकडे मांडलेले. मुलगी पहिल्यांदाच माइकपाशी उभी राहिली. निवेदन संयोजक बाईंकडे होतं. टाळीऐवजी चुटकी वाजवायची, हे त्यांनी पाहुण्यांना सुरुवातीलाच शिकवलं होतं. त्यांनी आवाज खाली आणला, एक श्वास सोडला आणि म्हणाल्या, "मागच्या वर्षी या चिमुरडीनं आपली आई गमावली. पण तिनं शब्दांचा हात सोडला नाही."

हॉलभर चुटक्या वाजल्या.

तिच्या आईच्या मरणाला. छान जमलेल्या ओळीला वाजवतात तशा. अंगावर पाल पडल्यासारखं झालं मला.

मुलीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कविता सुरू केली. फुफीनं भाजीची हातगाडी आडवी केली. पहिल्या रांगेतल्या बाईंनी डोळ्यांना टिश्यू लावला. हॉर्न बिघडला, कुणीतरी "सो ब्रेव्ह" म्हणालं. वर्गात जिथे थांबली होती तिथे ती थांबली. हसू आलंच नाही. ती थांबूनच राहिली. मग हळूच म्हणाली, "इथे हसायचं असतं."

पुन्हा चुटक्या.

नंतर एका गृहस्थांनी तिचा गाल कुरवाळला. बोटांना पनीरचं तेल होतं. तिनं ओढणीनं गाल पुसला, तेव्हा तेही गहिवरले. तिला रडू आलं असं वाटलं असणार त्यांना.

परतीच्या बसमध्ये तिनं विचारलं, "बाई, कविता वाईट होती?"

"नाही गं."

"मग हसले का नाहीत?"

मला त्या लोकांबद्दल जे वाटत होतं, ते मुलीसमोर बोलण्यासारखं नव्हतं. पुढच्या शनिवारी ती आली, पण वाचायला उठेना. फार आग्रह केला तेव्हा म्हणाली, "आता सगळ्यांना माहितीये."

संयोजक बाईंनी टिश्यूवाल्या बाईंचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'किती टचिंग!' मी संस्थेचं काम सोडलं. वर्ग तेवढा शाळेत बिनपैशानं चालू ठेवला. वर्ष संपेपर्यंत ती मुलगी त्यात मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या कवितांवर हसायची. स्वतःची तिनं वाचली नाही.

आता कुठेही मुलांना घेऊन गेले की मी निवेदकाला आधी गाठते. "ओळख काय करून देणार?" असं विचारते. बहुतेक जण गोंधळतात. "मॅडम, पार्श्वभूमी सांगायला नको का?"

"नाव सांगा," मी म्हणते, "आणि बाजूला व्हा."