दाजींचा रुसवा आणि गॅसचा पाईप

आज माझी बायको, माझी पोरगी आणि मी एका छपराखाली बिनघोर झोपतो ते दाजींच्या कृपेने, आणि दाजींना ही कृपा करता आली ती त्यांच्या रुसण्यामुळे. रुसण्याचा इतका चांगला उपयोग करणारा माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदललं, पण एवढी एक गोष्ट काही बदललेली नाही.

दाजी म्हणजे आमच्या मालकांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कधीकाळी चार दिवस पाहुणे म्हणून सासुरवाडीला आले आणि मेव्हण्याला कांदा काढायला मदत करता करता इथेच वस्तीला राहिले. इकडे एका घरचा जावई तो सगळ्या गावचा जावई, त्यामुळे न्हाव्यापासून सरपंचापर्यंत सगळे त्यांना दाजीच म्हणतात, आणि जावयाला कुणी नाही म्हणायचं नसतं हेही सगळे पाळतात. मी गोंदियाकडचा. नववीत शाळा सोडली, मिळेल ते काम करत फिरलो आणि शेवटी कर्जत तालुक्यातल्या ह्या कोंबड्यांच्या शेडवर येऊन टेकलो. आल्या दिवशी मी त्यांना "काकाजी" म्हणालो, तर दाजी तोंड फिरवून बसले. मालकांनी सांगितलं, "दाजी म्हण रे, न्हाईतर जेवायचे न्हाईत." मी घाबरून "हो जी, दाजी" म्हणालो. तेव्हा ते वळले आणि त्यांनी मला माझ्या जिल्ह्याचं नाव देऊन टाकलं. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी गोंदिया. माझं खरं नाव त्यांना ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

दाजींचा रुसवा कशावरून निघेल याचा नेम नसे. चहा कपाऐवजी पेल्यात आला की रुसवा. मासवडीच्या रश्शाला तिखट कमी पडलं की रुसवा, जास्त पडलं तरी रुसवा. एकदा त्यांना न विचारता मालकांनी टरबूज आणलं, तेव्हा ते दोन दिवस टरबुजाकडे पाठ करून जेवले. कारण वस्तू निवडणं हा त्यांचा प्रांत. बाजारात झाडू घ्यायचा तरी तो वाकवून, झटकून, कानाशी धरून घ्यायचे. झाडूत काय ऐकू येतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. नवी चप्पल घालून ते सगळा आठवडे बाजार चालून येत आणि मग "न्हाई, डावी नाराज हाय" म्हणून परत करत. आणि रुसले की मालकांच्या आई, ज्यांना दाजी मामी म्हणत, ताट घेऊन त्यांच्यामागे फिरत. "जावईबापू, एवढा घास घ्या. लेकराचं चुकलं." लेकरू म्हणजे मालक, ज्यांच्या मिशा पिकल्या होत्या. दाजी दोनदा मान हलवत, तिसऱ्यांदा उसासा टाकत आणि मग जेवत. म्हातारी पदराआड हसायची. हा खेळ दोघांनाही मनापासून आवडायचा, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या वर्षीच्या आधीच्या थंडीतली गोष्ट. मालकांनी पहिल्यांदाच पिल्लांची अख्खी बॅच माझ्या एकट्याच्या भरवशावर घ्यायची ठरवली होती. "जमलं तर कायमचा ऱ्हा, खोली तुझीच," असं ते म्हणाले होते. ती खोली शेडच्या भिंतीला लागूनच, आणि आम्ही तिघं तिथेच झोपत होतो. पोरगी तेव्हा रांगत होती. एका दिवसाची पिल्लं म्हणजे कापसाचे गोळे. त्यांना ऊब द्यायला छताला साखळीने गॅसचा हीटर टांगतात. ऊब कमी पडली तर पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. मला आठवडाभर झोप नव्हती. त्यात पिल्लं यायच्या दिवशी सकाळी हीटर उतरवून पाहतो तर उंदरांनी पाईप जागोजाग कुरतडलेला.

मालकांनी एका क्षणात तोड काढली. औषध फवारायचा पिवळा पाईप घरात पडला होता. "फवारणीचं एवढं प्रेशर सोसतो हा. त्याच्यापुढं गॅस म्हंजे काय, फुंकर!" शेजारचे दोन बागायतदार आले होते, त्यांनीही माना डोलावल्या. इकडे ज्याच्या त्याच्या रानात हा पाईप आणि ज्याचा त्याचा त्याच्यावर जीव. मलाही ते पटलं. खरं तर न पटून सांगणार कुणाला? मी चाकू आणायला निघालो, तेवढ्यात दाजी आले. त्यांनी पाईप उचलला, वाकवला, कानाशी धरला, मग हुंगला.

"ह्याच्यात गॅस घालायचा न्हाई."

"का हो दाजी?" मालक म्हणाले.

"मला काय म्हाईत? पर ह्याच्या अंगावर कुठं गॅस लिवलंय का? त्यो फवारणीचा हाय, त्याला फवारणीच करू द्या."

"दाजी, सांजच्याला पिल्लं यायचीत. आता काय लाड करता का त्या पाईपाचे?"

झालं. लाड हा शब्द जावयाला लागला. दाजी सरळ जाऊन गॅसच्या टाकीवर बसले, उपरणं तोंडावर ओढलं आणि म्हणाले, "मी जेवनार न्हाई." घरात त्या दिवशी पुरण शिजत होतं. म्हातारी पळत आली, समजूत घालू लागली, तर उपरण्याआतून आवाज, "मामी, आज ताट न्हाई. आज पाईप." मालक चिडले, बागायतदार हसले, मी घड्याळ बघत होतो. दाजी उठल्याशिवाय टाकीच हलणार नव्हती. शेवटी म्हातारीने लेकाला फर्मावलं, "गाडी काढ. जावई उपाशी ठिवून मला पाप घ्यायचं न्हाई."

कर्जतला मिळाला तो घरच्या शेगडीचा आखूड पाईप. म्हणून दाजी, मालक आणि मी थेट नगरजवळच्या नागापूरला, एमआयडीसीतल्या दुकानात. दाजींनी हीटरसुद्धा सोडवून गाडीत घेतला होता आणि तो मांडीवर धरून बसले होते. मालक कुरकुरले तर म्हणाले, "पोरगी न दाखवता स्थळ ठरवता व्हय?" आणि दुकानात त्यांनी खरोखरच सोयरीक मांडली. दुकानदाराने पहिला पाईप टाकला, तर विचारलं, "जन्म कवाचा?"

"काका, पाईप आहे तो."

"मग? तारीख असंल की अंगावर."

दुकानदाराने चष्मा लावून पाहिलं आणि मुकाट्याने तो बाजूला ठेवला. त्याची मुदत सरली होती. मग घराणं, म्हणजे कंपनी, मग पोटात काय, तर रबरात तारेची जाळी, मग उंची. फार लांब असला तर पायात येईल, आखूड असला तर ताणून निसटेल, आणि हीटरच्या आचेपासून लांब राहील असा हवा. रेग्युलेटर जास्त दाबाचा की घरचा हे दुकानदाराने विचारलं तेव्हा मालक आणि मी एकमेकांकडे पाहू लागलो. दाजींनी पिशवीतून रेग्युलेटरच काढून ठेवला. "मला न्हाई कळत, तुमी बगा." दुकानदार हसला. आम्ही निघता निघता त्याने फवारणीच्या पाईपची गोष्ट ऐकली आणि त्याचं हसू गेलं. तो पाईप गॅसने आतून खराब होतो आणि वरून हीटरची धग, असं म्हणाला. "कधी फाटेल सांगता येत नाही. शेजारी कुणी झोपत नाही ना?" मालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि परतीच्या वाटेवर त्यांनी एकदाही दाजींना टोमणा मारला नाही.

आम्ही पोचलो तर पिल्लांची गाडी दारात उभी. आत नुसता चिवचिवाट, आणि ड्रायव्हर तापलेला. "अहो उतरवून घ्या, मरतील इथंच!" घाईघाईत माझ्याकडून क्लिप बसेना. दाजींनी दाढीच्या साबणाचा फेस केला आणि ब्रश घेऊन जोडावर लावत बसले, जणू नवरदेवाची दाढी चाललीय. मालक ओरडले, "दाजी, आता पेटवा!" इतक्यात एका जोडावर बुडबुडा फुगला. तिथून गॅस गळत होता. दाजींनी गॅस बंद केला, क्लिप आवळली, पुन्हा फेस लावला. आता तो फेस शांत पडून राहिला. मग दारं उघडून हवा मोकळी होऊ दिली, आणि तेव्हा कुठे हीटर पेटला. शेड तापल्यावर पिल्लं सोडली. ती एका जागी गोळा झाली नाहीत, पेरलेल्या ज्वारीसारखी सगळीकडे पसरली. पसरली म्हणजे ऊब बरोबर आहे. मी भिंतीला टेकून खाली बसलो.

म्हातारी ताट घेऊन दारात आली. "आता तरी जेवा, जावईबापू." दाजी म्हणाले, "माझं ऱ्हाऊ द्या. सकाळधरनं ह्या गोंदियाच्या पोटात काय हाय ते इचारलंय का कुणी?" कुणीच विचारलं नव्हतं. मला स्वतःलाही आठवलं नव्हतं. म्हातारीने ते ताट माझ्यापुढे ठेवलं आणि जावयासाठी दुसरं आणायला गेली. घर सोडल्यापासून माझ्या वतीने कुणी रुसलं नव्हतं. मी ते ताट चाटूनपुसून संपवलं.

खोली माझी झाली. पण गेल्या पावसाळ्यात म्हातारी गेली, आणि तेव्हापासून दाजी रुसत नाहीत. परवा चहा पेल्यातून आला, वर गारही झालेला. मी धास्तावून पाहत राहिलो. दाजींनी तो मुकाट्याने पिऊन टाकला. मी म्हणालो, "दाजी, गार होता जी." ते म्हणाले, "असू दे रं गोंदिया. समजूत घालायला कुणी असंल तर रुसण्यात मजा."

गावाकडे, गोंदियाला, आमची जागा आहे. त्यावर कधीतरी दोन खोल्या बांधीन. पहिलं जेवण दाजींना. चहा मुद्दाम पेल्यात देईन, रश्शात तिखट कमी टाकायला लावीन. दाजी तोंड फिरवून बसले की ताट घेऊन मी त्यांच्यामागे फिरेन, अंगणभर, आणि ते दोनदा मान हलवून तिसऱ्यांदा उसासा टाकेपर्यंत ताट खाली ठेवणार नाही.